दोन हजार मैलांचा संसार



शिडाच्या होडीतून अटलांटिक महासागर ओलांडून आलो हे कळल्यापासून भेटेल तो आम्हाला एकच प्रश्न विचारतो. 'दोघेच होता, चहूकडे पाणी, मग दिवसभर करत तरी काय होता?' भगिनी मंडळींचा याला जोडून दुसरा प्रश्न असतो. 'आणि भांडण झाले म्हणजे जात कुठे होता?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. थोडक्यात उत्तर असे की, काम इतके असते की कंटाळा यायला फुरसत मिळत नाही; आणि भांडायचे तर दोघे एका वेळी जागे असावे लागतात! ते फारसे घडत नाही. का घडत नाही, तेच या लेखात सांगायचे आहे.

आधी आमची ओळख. आमच्यापैकी एकाने व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये एकतीस वर्षे काढली. दुसरीने मुंबईत शाळेत शिकवले आणि दोन मुले वाढवली. शेजारपाजारी आम्हाला 'इंजिनवाले' आणि 'बाई' म्हणूनच ओळखतात, तेव्हा इथेही तीच नावे ठेवतो. निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडात राहण्याचा योग आला. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर शिडाची होडी चालवायला शिकवण्याचे वर्ग चालतात. इंजिनवाल्यांचा जन्म समुद्रावर गेला, पण तो पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात. वाऱ्यावर चालणारी होडी त्यांनाही नवीच. त्यामुळे दोघेही एका वर्गात, एका इयत्तेत बसलो. चार उन्हाळे शिकलो. मग साठवलेल्या पैशांतून एक जुनी होडी घेतली. लांबी ३५ फूट, रुंदी ११ फूट. आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्या एकामागे एक ठेवल्या तर जेवढी जागा होईल, साधारण तेवढीच.

पोर्तुगाल, कॅनरी बेटे असे टप्पे घेत आम्ही आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या केप व्हर्दे या बेटांच्या देशात पोहोचलो. तिथल्या मिंडेलो बंदरातून ६ जानेवारी २०२४ रोजी नांगर उचलला. पलीकडचे बेट बार्बाडोस. अंतर सुमारे दोन हजार सागरी मैल, म्हणजे ३,७०० किलोमीटर. मध्ये एकही बेट नाही. जानेवारी निवडण्याचे कारण साधे आहे. जून ते नोव्हेंबर हा त्या भागातला चक्रीवादळांचा हंगाम. तो सरला की ईशान्येकडून व्यापारी वारे स्थिर वाहू लागतात. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांचे नाव पाठ करतो तेच हे वारे. ते पाठीमागून ढकलतात आणि होडी पश्चिमेला जाते. ताशी पाच सागरी मैल हा आमचा वेग. सायकलवाल्यापेक्षाही कमी! पण रात्री मुक्काम नसल्यामुळे दिवसाकाठी ११०-११५ मैल पदरात पडत.

एक जागे, एक झोपलेले

समुद्रात होडी रात्री थांबवता येत नाही. नांगर टाकायला तळ हवा आणि तिथे तळ हजारो मीटर खाली. म्हणून चोवीस तास कोणीतरी जागे पाहिजेच. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यांतला पाचवा नियमच असा आहे की, प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट टेहळणी ठेवली पाहिजे. त्याला महासागरही अपवाद नाही आणि नवराबायकोही नाहीत.

आमचा पहारा असा होता. रात्री आठ ते अकरा बाई. अकरा ते दोन इंजिनवाले. दोन ते पाच पुन्हा बाई. पाच ते आठ पुन्हा इंजिनवाले. पहाऱ्यावरच्या माणसाच्या गळ्यात स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ. ते दर पंधरा मिनिटांनी वाजायचे. वाजले की उभे राहायचे, चारही दिशांना क्षितिज न्याहाळायचे, होकायंत्र पाहायचे, शिडे पाहायची आणि पुन्हा बसायचे. पंधरा मिनिटेच का? कारण मोठे मालवाहू जहाज ताशी वीस मैलांनी येते. क्षितिजावर त्याचा दिवा दिसल्यापासून ते अंगावर येईपर्यंत फार वेळ मिळत नाही. आजूबाजूची जहाजे पडद्यावर दाखवणारे यंत्र आमच्याकडे होते, पण प्रत्येक होडीवर ते चालू असतेच असे नाही. डोळ्यांचे काम डोळ्यांनीच करावे लागते.

सुकाणू मात्र सतत धरून बसावे लागत नव्हते. होडीच्या मागच्या टोकाला वाऱ्यावर चालणारे एक यंत्र असते. त्यावर उभी फळी असते. होडी वाट सोडून वळली की वारा त्या फळीला कलवतो, फळी दोऱ्या ओढते आणि सुकाणू परत जागेवर येते. वीज नाही, इंजिन नाही. १९६० साली एकट्या माणसाने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हा ब्लाँडी हॅसलर या इंग्रज खलाशाने असे यंत्र वापरून दाखवले. आम्ही त्याला 'तिसरा गडी' म्हणत असू. तो जेवत नाही, झोपत नाही, फक्त त्याच्या दोऱ्या झिजतात. त्या रोज तपासायच्या.

रात्रीचे आणखी तीन नियम आम्ही निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवले होते. पहिला, अंगातला पट्टा होडीच्या दोराला अडकवल्याशिवाय वर पाऊल टाकायचे नाही. ताशी पाच मैलांनी जाणारी होडी एका मिनिटात दीडशे मीटर पुढे निघून जाते आणि लाटांमध्ये माणसाचे डोके दिसत नाही. दुसरा, डोलकाठीच्या पुढे जायचे असेल तर झोपलेल्याला उठवायचेच. तिसरा नियम आमचा घरगुती होता. उठवल्यावर कुरकुर करायची नाही. 'एवढ्यासाठी उठवलेस?' हे वाक्य होडीवर बंद. कारण एकदा ते ऐकले की पुढच्या वेळी माणूस उठवायला कचरतो, आणि तिथेच घात होतो.

झोपायला दोघांत एकच जागा होती, होडीच्या मध्यावर, जिथे हेलकावे कमी लागतात. गादीच्या कडेला कापडाचा आडोसा बांधलेला, म्हणजे झोपेत माणूस खाली पडत नाही. अकरा वाजता बाई खाली येत तेव्हा पांघरूण अजून उबदार असे. त्या उबेवर झोप लागायची. चोवीस तास ३५ फुटांत राहूनही दोघे समोरासमोर बसत होतो ते सकाळच्या चहाला आणि सूर्यास्ताच्या जेवणाला. दिवसाचे मिळून तीन तास. त्यामुळे एकमेकांना सांगायच्या गोष्टी साठत. 'अडीच वाजता डॉल्फिन आले होते, पाण्यात चमकत होते,' असे एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने हळहळायचे. ११ जानेवारीला अमावस्या होती. त्या काळोखात होडीच्या मागे पाणी हिरवट उजेडाने पेटलेले दिसे. मुंबईत ध्रुवतारा जेवढा वर असतो त्याच्याही खाली, उत्तरेच्या क्षितिजाजवळ टेकलेला. आणि पहाटे दक्षिणेला त्रिशंकू उभा!

चूल हलते, भांडे हलत नाही

मागून वारा असला की होडी पाळण्यासारखी डावी-उजवी झुलते. एक क्षणही थांबत नाही. पाळणा म्हटला की गोड वाटते, पण त्या पाळण्यात उभे राहून कांदा चिरून पाहावा! होडीवरची शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते. होडी कलली तरी शेगडी सपाट राहते. स्वयंपाक करणारा स्वतःला पट्ट्याने कट्ट्याला बांधून घेतो. सर्वांत उपयोगी पडला तो आपला प्रेशर कुकर. झाकण घट्ट असल्याने सांडत नाही, गॅस कमी लागतो, आणि वरण-भात एकात एक होतो.

मिंडेलोच्या बाजारातून बटाटे, कांदे, कोबी, पपया, लिंबे आणि हिरव्या केळ्यांचा घड घेतला होता. अंडी पाच डझन. फ्रिजमध्ये न गेलेली अंडी रोज उलटीपालटी करत राहिले तर बरेच दिवस टिकतात. केळ्यांनी मात्र दगा दिला. आठवड्याने सगळा घड एका दिवसात पिकला. मग सकाळी केळे, दुपारी केळ्याची भजी, रात्री केळ्याचे शिकरण!

ताजी भाजी दहाव्या दिवशी संपली. त्यानंतर आम्हाला तारले ते घरून आणलेल्या मटकीने आणि मुगाने. ओल्या फडक्यात बांधून टांगले की दोन दिवसांत मोड येतात. वाचकांना ठाऊक असेल, जुन्या काळी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, जुन्या जखमा उघडत आणि माणसे मरत. तो स्कर्व्ही रोग. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने बारा रोगी खलाशांवर प्रयोग केला. ज्यांना संत्री-लिंबे दिली ते लवकर बरे झाले. क जीवनसत्त्वाचे नावही तेव्हा कोणाला माहीत नव्हते. मोड आलेल्या कडधान्यात ते तयार होते. आपल्या आयाबायांनी उसळीचा हा मार्ग केव्हापासून धरला कोण जाणे!

आणि फुकटची मासळी. पहाटे डेकवर दोन-चार उडते मासे पडलेले असत. रात्री मोठ्या माशाच्या भीतीने ते पाण्यातून उसळतात, पंखांवर तरंगत जातात आणि होडीवर आपटतात. हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर. बार्बाडोसमध्ये हाच मासा मक्याच्या पिठाच्या मऊ गोळ्याबरोबर खातात आणि तेच त्या देशाचे राष्ट्रीय जेवण आहे, हे तिथे गेल्यावर कळले.

पाण्यात पाणी मोजताना

दोन टाक्या आणि काही डबे मिळून आमच्याकडे तीनशे लिटर गोडे पाणी होते. टाक्या मुद्दाम वेगवेगळ्या, म्हणजे एक फुटली किंवा नासली तरी दुसरी शाबूत राहावी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी तीन लिटर, धुण्या-पुसण्याला माणशी एक. रोजचे आठ लिटर. अठरा दिवसांचे १४४. उरलेल्या निम्म्याला हात लावायचा नाही. डोलकाठी मोडली तर अठराचे छत्तीस दिवस होऊ शकतात, त्यासाठी ते राखून ठेवलेले. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटी एक तांब्या गोडे पाणी अंगावरचे मीठ काढायला. भाताला चार वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचे, म्हणजे वेगळे मीठ नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. तेवढेच प्याले तर माणूस आणखी तहानेला होतो.

रोज सकाळी चहाआधी दोघांनी मिळून टाकीत काठी घालून पाणी मोजायचे, वहीत आकडा लिहायचा. मोजायला दोघे, कारण पाण्याचा हिशेब एकाच्या हातात राहिला की दुसऱ्याच्या मनात शंका राहते.

या मोजणीच्या वेळी आम्हाला सिदादे वेल्या हटकून आठवे. केप व्हर्देच्या सांतियागो बेटावरचे हे जुने गाव आम्ही निघण्यापूर्वी पाहिले होते. पोर्तुगीजांनी १४६२ साली वसवलेले. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे इथे विकली जात आणि पुढे अमेरिका खंडाकडे पाठवली जात. गावाच्या चौकात अजून तो दगडी खांब उभा आहे, ज्याला बांधून गुलामांना सर्वांसमक्ष शिक्षा देत. २००९ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. इतिहासकारांच्या हिशेबाने सव्वा कोटीच्या आसपास माणसे साखळ्या घालून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर चढवली गेली आणि त्यांतली सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. ज्या वाऱ्यावर आम्ही हौसेने चाललो होतो, तोच वारा त्या जहाजांच्या शिडांतही भरलेला होता.

१७८१ साली 'झाँग' नावाच्या इंग्रज जहाजाच्या खलाशांनी एकशे तीसहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली. सबब अशी सांगितली की पिण्याचे पाणी संपत आले होते. आणि मालकांनी त्या माणसांचे पैसे विमा कंपनीकडे मागितले, बुडालेल्या मालाचे मागावेत तसे! १७८३ मध्ये हा दावा लंडनच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा हकिगत बाहेर आली. जहाज जमैकाला पोहोचले तेव्हा त्यावर अजून शेकडो गॅलन पाणी शिल्लक होते. पाणी कोणी मोजायचे आणि कोणासाठी मोजायचे, यावर माणसांचे जीव ठरतात. तांब्याभर पाणी समोर धरून आम्ही दोघे त्या सकाळी बराच वेळ गप्प बसलो होतो.

नववी रात्र

अर्धे अंतर सरत आले होते. रात्री एकच्या सुमारास इंजिनवाल्यांच्या पहाऱ्यात पावसाची सर आली. त्या भागात अशा सरी रात्री येतात. काळा ढग दिसतो, वारा दहा मिनिटांत दीडपट होतो आणि सर ओसरली की पुन्हा पूर्ववत. शीड आखूड करण्यासाठी बाईंना उठवले, दोघांनी ते काम पुरे केले. खाली उतरताना एका आडव्या लाटेने होडीला धक्का दिला आणि इंजिनवाले कट्ट्याच्या कडेवर बरगड्यांनी आपटले. उजवा हात वर होईना, श्वास घेतला की कळ येई.

मागे फिरावे तर वारा तोंडावर. हजार मैल वाऱ्याविरुद्ध जायला दुप्पट दिवस लागले असते. पुढे जाणे हाच जवळचा रस्ता होता. रोममध्ये १९३५ पासून एक रेडिओ-वैद्यकीय केंद्र आहे. ते कोणत्याही देशाच्या जहाजाला भर समुद्रात मोफत सल्ला देते. उपग्रहाच्या यंत्रावरून आम्ही तिथे लक्षणे कळवली. उत्तर आले. खोकल्यातून रक्त येते का, धाप लागते का, हे पाहत राहा. वेदनाशामक गोळ्या द्या. दर तासाला दुखले तरी खोल श्वास घ्यायला लावा, नाहीतर छातीत कफ साचून न्यूमोनिया होईल. दोर ओढणे बंद.

दोर ओढणे बंद! म्हणजे शिडांची सगळी कामे बाईंवर आली. वय सत्तावन्न, उंची पाच फूट. पण शिकताना दोघांनी प्रत्येक काम आलटून पालटून केले होते, याचा उपयोग आता झाला. मोठे शीड उतरवून तिने नुसत्या पुढच्या शिडावर होडी चालवली. वेग मैलाने घटला, काम निम्म्याने कमी झाले. दोर हाताने ओढवेना तिथे चाकाला दांडा लावून सावकाश फिरवला. बाराव्या दिवशी तिसऱ्या गड्याची दोरी झिजून तुटायला आली, तेव्हा मागच्या टोकाला पट्ट्याने स्वतःला बांधून, पालथी पडून नवी ओवली. इंजिनवाले खालून बॅटरी धरून होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

आणि चूल इंजिनवाल्यांकडे गेली. डाव्या हाताने, बसून, कुकर लावायचा. मटकीला पाणी घालायचे. अंडी उलटायची. पाणी मोजायचे, वही लिहायची, भांडी खाऱ्या पाण्यात विसळायची. पहाऱ्यावर डोळे तेही लावू शकत होते, म्हणून पहारे तसेच ठेवले. फक्त दोराला हात लावायची वेळ आली की बाईंना उठवायचे. पहिल्या रात्री पाच वेळा उठवावे लागले. सहाव्या वेळी ते उठवायला धजेनात. बाईंच्या ते लगेच ध्यानात आले. 'वहीतला नियम तुमच्याच अक्षरात आहे,' एवढेच त्या म्हणाल्या.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिने होडी उभी केली. शिडाच्या होडीची ही एक युक्ती आहे. छोटे शीड उलट्या बाजूने ताणायचे आणि सुकाणू बांधून टाकायचे. शीड एकीकडे ढकलते, सुकाणू दुसरीकडे. दोघांची ओढ एकमेकांना भिडते आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. सगळा गोंगाट थांबतो. त्या शांततेत बाई सहा तास सलग झोपल्या. इंजिनवाल्यांनी सहा तास पहारा दिला. एकदाही उठवले नाही, कारण उठवण्यासारखे काही घडले नाही. ते तास त्यांनी वहीत नोंदवून ठेवले आहेत.

त्या रात्रींत आम्हाला बेली दांपत्याची आठवण येई. १९७३ च्या मार्चमध्ये पॅसिफिक महासागरात देवमाशाच्या धडकेने या इंग्रज जोडप्याची होडी बुडाली. ११७ दिवस दोघे रबरी तराफ्यावर होते, पावसाचे पाणी आणि हाताने धरलेले मासे-कासवे यांवर जगले. शेवटी कोरियन मच्छीमारांनी त्यांना वाचवले. मॉरिस बेली खचले तेव्हा मेरिलिन यांनी दोघांचा धीर टिकवला. आणि त्यांना पोहताही येत नव्हते!

किनारा

२४ जानेवारीच्या पहाटे, पौर्णिमेच्या आदल्या चंद्रप्रकाशात, पुढे दिवे दिसले. बार्बाडोस सपाट बेट आहे, त्यामुळे डोंगराआधी दिवेच दिसतात. पिवळा झेंडा चढवून, कागदपत्रे पुरी करून दुपारी ब्रिजटाउनच्या उपसागरात नांगर टाकला. घड्याळे तीन तास मागे घेतली. एक्स-रेत दोन बरगड्यांना तडे निघाले. सहा आठवडे विश्रांती. अठरा दिवसांत पाणी लागले १३९ लिटर.

विश्रांतीच्या दिवसांत बेट पाहिले. एका रस्त्याच्या चौकात मनगटांना तुटलेल्या साखळ्या लोंबत असलेल्या, वर पाहणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. १९८५ साली उभारलेला. लोक त्याला बुस्सा म्हणतात. १८१६ च्या बंडाचा तो पुढारी. १८३४ साली कायद्याने गुलामी संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्याच मळ्यांत राबवून घेतले. खरी सुटका १८३८ ला. ज्या देशाच्या राजगादीच्या नावाने हे सगळे चालले, तिचे राज्यप्रमुखपद बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ रोजी संपवले आणि तो प्रजासत्ताक झाला.

झोपेचा हिशेब

आम्ही घरी परतलो त्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२४ ला, भारतीय नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या. दोघीच. आठ महिने. पुढे आमचे अठरा दिवस म्हणजे अंगणातली फेरी. पण एक गोष्ट तीच असणार, एक जागी तेव्हाच दुसरी झोपलेली. 

सांगायचे आहे ते याच गोष्टीविषयी. होडीवर आम्ही पाणी मोजले, गॅस मोजला, अंडी मोजली. पण सर्वांत काटेकोरपणे मोजली ती झोप. कोण किती तास झोपले हे वहीत रोज लिहिले जाई. पाणी कमी झाले तर पाऊस पडतो. झोप कमी झाली तर माणूस चुकतो, आणि तिथे एक चूक दोघांना पुरते.

परत येताना वह्या चाळत होतो तेव्हा बाई एक बोलून गेल्या. इंजिनवाले जहाजावर नऊ-नऊ महिने असत. मुले लहान होती. एकाला ताप, दुसऱ्याला गोवर, सासूबाई अंथरुणावर. चाळीतल्या त्या खोलीत रात्र रात्र पहारा चाले, आणि सकाळी सातला शाळा. 'तेव्हा वही नव्हती,' त्या म्हणाल्या. इंजिनवाले त्यावर काही बोलले नाहीत. आता सकाळचा पहिला चहा तेच करतात, बरगड्या बऱ्या झाल्या तरी.

आपल्या घरांतही रात्रपहारा असतो. तान्हे मूल असते, दम्याचे म्हातारे माणूस असते, पहाटे नळाला पाणी येते, परीक्षेच्या दिवसांत पोरांना चारला उठवायचे असते. हा पहारा बहुतेक घरांत एकच माणूस देते, आणि ते माणूस कोण हे सांगायला नको. महिन्याचा जमाखर्च लिहिणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एक आठवडा एवढे करून पाहावे. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो रोज किती तास झोपला ते लिहावे. वही कोणतीही चालेल. आठवड्याच्या शेवटी बेरजा करून सर्वांनी त्या एकत्र बसून वाचाव्यात, आणि पुढच्या आठवड्याचे पहारे तिथेच वाटून घ्यावेत.